नागपूरची फूट आणि गोंदियाची विडी

परक्या सरकारने नेमलेल्या समितीत कामगारांच्या प्रतिनिधीने बसावे की तिच्यावर बहिष्कार घालावा, हा वाद १९२९ साली नागपुरात ट्रेड युनियन काँग्रेसच्या, म्हणजे देशातील कामगार संघटनांच्या तत्कालीन मध्यवर्ती संस्थेच्या, अधिवेशनात विकोपाला गेला आणि ती संस्था फुटली. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. ठराव बहिष्काराच्या बाजूने झाला आणि १९२० मध्ये या संस्थेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते नारायण मल्हार जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले, कारण बहिष्कार ज्या व्हिटले आयोगावर, म्हणजे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगावर, होता त्याचेच ते सदस्य होते.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे जोशी काही वर्षे शाळेत शिकवून १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली आणि १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त, म्हणजे मतदारांनी न निवडता सरकारने नेमलेले, प्रतिनिधी होते. ‘सरकारने नेमलेला’ हे विशेषण त्या काळात बोचरेच होते. तरीही मद्रासच्या गिरणीतील संपावरून संघटकांनाच न्यायालयात खेचले गेल्यावर संघटनांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव विधिमंडळात याच नियुक्त सदस्याने आणला, आणि त्या मागणीला १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचे रूप मिळाले.

आयोगात बसण्याचा हिशेब गोंदियासारख्या ठिकाणी तपासता येतो. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या, तेंदूच्या जंगलांनी वेढलेल्या या भागात विडीचा धंदा वाढला तो मुख्यतः यंत्राविना. आणि यंत्रशक्ती नसलेली कामाची जागा तत्कालीन फॅक्टरी कायद्याच्या कक्षेत सहसा येतच नसे. १९३१ च्या अहवालात आयोगाने अशा कोंदट जागांची आणि तिथे राबणाऱ्या लहान मुलांची दखल घेतली, आणि पुढे १९३७ मध्ये मध्य प्रांताने विडी, लाख व कातडी कमावण्याच्या कामांसाठी ‘अनियंत्रित कारखाने’ कायदा केला. बहिष्काराच्या ठरावाने हे झाले असते असे म्हणवत नाही.

पण बहिष्कार घालणाऱ्यांची शंका पोकळ नव्हती. कायदा कामाच्या जागेला लागू होता, म्हणून कामच जागा सोडून जाऊ शकले: सट्टेदाराने, म्हणजे मालक आणि मजूर यांच्यामधल्या कंत्राटदाराने, पाने, तंबाखू व सूत घरी द्यायचे, बाईने सुपात घेऊन वळायचे आणि मोबदला हजारावर ठरवायचा, या पद्धतीत मजूर दिसतो पण मालक दिसत नाही. घरी विडी वळणाऱ्या व्यक्तीलाही ‘कर्मचारी’ मानणारा केंद्रीय कायदा त्यासाठी १९६६ मध्ये करावा लागला, आणि ओळखपत्र व उपचारांच्या सोयींसाठी कल्याण निधीचा कायदा आणखी दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, आला. जोशी १९५५ मध्येच निवर्तले होते. नागपुरात फुटलेल्या संघटना १९३८ मध्ये नागपुरातच पुन्हा जवळ आल्या व १९४० मध्ये एक झाल्या. बहिष्कार बरोबर की सहभाग, याचा निकाल मात्र त्या एकीने दिला नाही.

तो निकाल लागला असेल तर वळलेल्या विड्या परत देताना लागतो. सट्टेदार त्यातल्या काही सदोष म्हणून बाजूला काढतो. त्या का काढल्या, त्यांचे पैसे कापले तर बाजूला काढलेला माल कोणाचा आणि मोजणी कोणाच्या वहीत लिहायची, हे प्रश्न तिथे त्या बाईला एकटीलाच विचारावे लागतात.