दाखला काढण्याआधी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपुरात शाळेचा विषय निघाला की आईबाप इमारतीबद्दल फारसं बोलत नाहीत. गुरुजी रोज येतात का, हे आधी. पोरगं पुस्तक उघडून न अडखळता वाचतं का, हे त्यानंतर. स्वतःला अक्षरओळख नसलेली आईसुद्धा चुलीपाशी बसून ऐकते आणि पोर कुठं अडलं ते तिला कळतं. तपासणीला येणाऱ्या साहेबाइतकीच तिची पारख मला भरवशाची वाटते.

तिसरा प्रश्न मात्र या भूमीतच उगवलेला आहे: पोरगं वाचतं, पण कोणत्या भाषेत? पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ मध्ये तेलंगण झालं, २०१६ मध्ये भीमपूर तालुक्यासारखं स्वतंत्र मंडल झालं. घरातली मराठी तशीच राहिली. सोयरीक नदीपार होते, पण सातबारासारखे कागद आणि मंडल कार्यालयातले अर्ज तेलुगूत. त्याच १९५६ साली घटनेत कलम ३५० क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्यानं सोय करावी, असं ते सांगतं. जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांना त्याचाच आधार आहे. पुढे तेलंगणच्या २०१८ च्या कायद्यानं शाळांत तेलुगू सक्तीची झाली आणि २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणायला सुरुवात झाली.

म्हणजे इथल्या बापाला आजीशी बोलायला मराठी हवी, मंडलात तेलुगू हवी आणि नोकरीसाठी इंग्रजी. शहरातले जाणते याला इंग्रजीचं वेड म्हणतात. मला ते पटत नाही. तिन्ही गरजा खऱ्या आहेत आणि त्या त्यानं अचूक ओळखल्या आहेत. चूक होते ती एवढीच, की पहिलीच्या पोराला घरच्या भाषेत वाचता येण्याआधी बाकीच्या दोन भाषा त्याच्या डोक्यावर येतात. मग ते तिन्हींत अडखळतं आणि दोष शाळेला लागतो.

ही सगळी मतं ऐकतं कोण? खरं सांगायचं तर कुणी नाही. आईबाप एकदाच बोलतात आणि तेही शब्दांनी नाही. ते दाखला काढतात. सकाळी गावात प्रायव्हेट शाळेची गाडी येते, पोरगं तिच्यात बसतं. इकडे सरकारी शाळेचा पट घटतो, आणि शिक्षक किती हे पटावरच ठरतं: शिक्षणहक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, असा हिशेब आहे. पट घसरला की शिक्षक हलतात. शिक्षक हलले की कधी कायद्यातले दोनही राहत नाहीत; उरलेले गुरुजी पाच वर्ग एकटे सांभाळतात, शिवाय खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. 'गुरुजी शिकवत नाहीत' ही तक्रार पुष्कळदा 'गुरुजी एकटेच आहेत' अशी लिहायला हवी.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हेच नेमकं मांडलं. सार्वजनिक शाळा घसरू लागली की आधी निघून जातात ते दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असलेले पालक. जे भांडले असते तेच गेले, म्हणून शाळा आणखी घसरते. भीमपूरसारख्या गावात मागे राहतात ती शेतमजुरांची आणि कोलाम-गोंड घरांतली पोरं. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांची हजेरी आधीच पातळ होते.

पट फारच घटला आणि शाळा शेजारच्या गावात नेली, तर काय होईल? कागदावर अंतर थोडंच दिसेल. पण नदीपलीकडच्या टिपेश्वरच्या जंगलातले वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर मंडलाच्या शिवारात येतात. ज्या आठवड्यात पाऊलखुणा दिसतात, त्या आठवड्यात कोणती आई सहा वर्षांच्या पोरीला कपाशीच्या वाटेनं एकटी धाडेल? जवळची शाळा ही तिच्या दृष्टीनं चांगल्या शाळेची पहिली अट आहे.

शिक्षणहक्क कायद्यानं आईबापांना बोलायला जागा दिलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं तो म्हणतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना लोकांच्या गरजा कळाव्यात, अशी मागणी केली होती. त्यांना नांगर धरायची लाज वाटू नये, असंही ते म्हणाले. गावानं शाळेला जाब विचारावा हे कायद्यात आलं, शाळेनं गाव समजून घ्यावं हे फुल्यांच्या मागणीत. आजच्या समितीत मात्र पुष्कळ ठिकाणी सही किंवा अंगठा तेवढा होतो. वीस मिनिटांत सभा आटोपते.

भीमपूरच्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. दाखला काढण्याआधी एकदा समितीच्या सभेला जा. पोराला सोबत न्या, सगळ्यांसमोर एक पान वाचायला लावा. शिक्षक किती हवेत, मराठी कुठपर्यंत हवी, इंग्रजी कधीपासून, हे तुमच्या तोंडून सांगा आणि सभेच्या वहीत लिहून घ्यायला लावा. ते वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.