कर्जाच्या नोंदीला मुदत हवी

मार्च 2014 मध्ये फ्रान्सच्या संविधान परिषदेने संसदेने नुकत्याच संमत केलेल्या कायद्यातील एक तरतूद रद्द ठरवली. वैयक्तिक कर्जांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवावी, म्हणजे माणूस कर्जात बुडण्याआधीच ते लक्षात येईल, अशी ती तरतूद होती. हेतूबद्दल परिषदेची तक्रार नव्हती. पण एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांची माहिती, त्यांतल्या बहुतेकांनी एकही हप्ता थकवलेला नसताना, वर्षानुवर्षे साठवायची आणि हजारो बँक कर्मचाऱ्यांना खुली करायची, हे खासगीपणावरचे अतिक्रमण हेतूच्या मानाने फार मोठे आहे, असा निवाडा झाला. तिथे आजही ‘बँक द फ्रान्स’कडे असते ती मुख्यतः थकबाकीदारांची यादी. पूर्ण फेड झाली की नाव उतरते. फेड झाली नाही तरी साधारण पाच वर्षांनी उतरते. नियमित हप्ते भरणाऱ्याच्या पदरी मात्र अशा व्यवस्थेत चांगली नोंद पडत नाही, ही तिची उणीव आहे.

अमेरिकेने उलटा रस्ता धरला. 1970 च्या कायद्याने कंपन्यांना कर्जदारांची माहिती गोळा करून तिचे अहवाल विकण्याची मुभा दिली आणि बंधने त्या माहितीच्या वापरावर घातली. अहवालामुळे कर्ज नाकारले तर तो कोणत्या कंपनीकडून आला ते अर्जदाराला कळवावे लागते. हरकतीची चौकशी साधारणपणे 30 दिवसांत करावी लागते. प्रतिकूल नोंद सात वर्षांनी अहवालातून जाते, दिवाळखोरीची दहा वर्षांनी. कायदा मोडणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचता येते. तरीही तिथल्या व्यापार आयोगाच्या 2012 च्या पाहणीत दर पाच ग्राहकांमागे एकाच्या किमान एका अहवालात चूक सापडली. याचे कारण मला धंद्याच्या रचनेतच दिसते: अहवालाचे पैसे प्रामुख्याने सावकार देतो, आणि चुकीची झळ बसते ती कर्जदाराला.

जर्मनीत दिवाळखोरीतून मुक्त झालेल्यांची नोंद सरकारी यादीत सहा महिनेच राहत असे, ‘शूफा’ ही खासगी कंपनी मात्र ती तीन वर्षे ठेवी. डिसेंबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. सरकारने विसरायचे ठरवलेली गोष्ट खासगी कंपनीने लक्षात ठेवू नये, हे तत्त्व मला अतिशय मोलाचे वाटते.

भारतात 2005 च्या कायद्याखाली अशा चार कंपन्या काम करतात. सिबिल त्यांतली एक, पण आपल्याकडे सगळ्या व्यवस्थेलाच तिचे नाव पडले आहे. माहिती साठवूच नये, असे मी म्हणणार नाही. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक सूक्ष्मवित्त संस्थांची कर्जे चढली, तेव्हा त्या संस्थांना एकमेकींच्या कर्जांचा पत्ता नव्हता, आणि त्याची किंमत गरीब बायकांनी मोजली. पण आपल्या नियमांत माहिती किमान सात वर्षे ठेवावी असे लिहिले आहे. फ्रान्स आणि अमेरिका सावकाराच्या स्मरणाला कमाल मर्यादा घालतात, आपण किमान घातली.

रिझर्व्ह बँकेने अलीकडे चांगली पावले उचलली आहेत. वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो, आणि एप्रिल 2024 पासून तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. रक्कम तुटपुंजी आहे, पण चुकीचा खर्च चूक करणाऱ्यावर टाकण्याची सुरुवात तरी झाली. मात्र ती भरपाई चुकीच्या नोंदीपुरती आहे. नोंद खरी असूनही अन्यायाची असू शकते, तिथे हा नियम पोहोचत नाही.

मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याचे दुखणे नेमके हेच आहे. पाऊस गेला, सोयाबीन गेले, पीककर्ज थकले. नोंद शंभर टक्के खरी. ‘सिबिल खराब आहे’ म्हणून पुढच्या पेरणीला बँक दार लावते आणि तो खासगी सावकाराकडे जातो. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे मुख्यमंत्री बँकांना बजावतात. पण बैठकीतला आदेश शाखेतल्या अधिकाऱ्याला संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्याइतका बांधत नाही. म्हणून बदल नोंदीच्या नियमांतच हवा. थकबाकी फेडल्यावर तिची खूण ठरावीक मुदतीत पुसली जावी. आणि ज्या गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत जाहीर झाली, तिथल्या त्या हंगामाच्या पीककर्जाची थकबाकी कर्जदाराचा पतगुणांक काढताना धरूच नये. पैसेवारी महसूल खाते काढते, गावनिहाय जाहीर करते. ती आकडेवारी या चार कंपन्यांकडे पाठवायला नवा कायदा नको, रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरे.