न मागितलेले पुस्तक

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस मी अमेरिकेत मुलीकडे होते. तिचे गाव लहान. गावापेक्षा तिथले विद्यापीठच मोठे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे असा शुकशुकाट असतो की, रस्त्याने जाताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. मग आठदहा दिवसांत चित्र पालटते. मोटारी भरभरून मुले येतात, उशा-गाद्या-दिवे उतरवले जातात, आया डोळे पुसतात, बाप उगीचच दाराच्या कड्या तपासतात. ऑगस्टअखेर त्यांचे शरदाचे सत्र सुरू होते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात जी लगबग असते, तीच तिथे कोरड्या उन्हात पाहताना मला मोठी गंमत वाटली.

सत्राच्या तोंडावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एक चारपानी वार्तापत्र काढले होते. मुलीने ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आई, ही घे तुझी बातमी. सोमवारपासून लायब्ररी रात्री बारापर्यंत उघडी." मी ते पत्र अथपासून इतिपर्यंत वाचले. वाचनालयाच्या बदललेल्या वेळा, नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवण्याचे दिवस, प्राध्यापकांनी नेमलेली पुस्तके कुठे राखून ठेवली आहेत याची सूचना, आणि मग दीड पानभर नव्या पुस्तकांची यादी. सणाच्या खरेदीची यादी वाचावी तशी मी ती वाचली. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, आणखी एक बातमी होती. अभ्यासाला बसण्यासाठी जागा हवी असल्यामुळे, गेल्या वीस वर्षांत एकदाही घरी न नेलेली पुस्तके तपासून काही दूरच्या कोठारात हलवण्यात येतील आणि काही संग्रहातून काढण्यात येतील, असे तिच्यात म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. दाराशीच नव्या पुस्तकांची मांडणी होती. कोरी वेष्टने, न उमटलेली बोटे, छपाईचा वास. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. मग मुलीने सांगितले होते त्याप्रमाणे चौथ्या मजल्यावर मराठी पुस्तके शोधत गेले. तिथले दिवे माणूस आल्यावर लागतात आणि गेल्यावर विझतात. मी कपाटांच्या रांगेत शिरले तसा उजेड पडला, आणि समोर मराठी. कादंबऱ्या, नाटके, संतवाङ्मयावरची टीका, जिल्ह्यांचे इतिहास, आणि खालच्या फळीवर जाड पुठ्ठ्यात बांधलेले दिवाळी अंक. एक बांधणी काढली. 1964 सालचे अंक होते. आतल्या पानावर 'पी. एल. 480' असा शिक्का आणि मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती.

हा शिक्का काय आहे, हे जुन्या पिढीला सांगावे लागणार नाही. 1954 साली अमेरिकेने 480 क्रमांकाचा कायदा केला. त्यान्वये तिथले जास्तीचे धान्य आपल्यासारख्या देशांना मिळू लागले आणि त्याची किंमत आपण रुपयांत चुकती करू लागलो. 1965 आणि 1966 च्या दुष्काळांत रेशनच्या रांगेत उभे राहून आपण जो तांबडा गहू आणला, तो बराचसा याच वाटेने आलेला. हे रुपये भारतातच साचत गेले. त्यांतला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा असे ठरले, आणि 1962 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय उघडले. तिथून भारतीय भाषांतली नवी पुस्तके नि मासिके विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना पाठवली जाऊ लागली. म्हणजे आपण त्यांची पोळी खाल्ली आणि त्या पोळीच्या पैशांनी त्यांनी आपली पुस्तके नेली. या व्यवहारात मानापमान शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील. पण एक गोष्ट निश्चित. त्या गावात त्या वेळी ही मराठी पुस्तके मागायला कोणीही गेले नव्हते. ती न मागता आली.

तारीख नसलेली ती चिठ्ठी पाहून मला राग आला. ज्या पुस्तकांसाठी मराठी माणसाने लाल गहू खाल्ला, ती आता खुर्च्या मांडायला जागा हवी म्हणून काढायची? मी तडक त्या विभागाच्या ग्रंथपालबाईंकडे गेले. बाई शांत होत्या. त्यांनी मला बसवले, माझे सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "तुमचा राग मला समजतो. पण तुम्हीच सांगा, जे पुस्तक साठ वर्षांत कोणी उघडले नाही, ते आम्ही कोणासाठी सांभाळायचे?"

त्यांनी मला पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एका पाहणीची हकीकत सांगितली. ती 1979 साली प्रसिद्ध झाली. 1969 साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे 40 टक्के पुस्तके पुढच्या सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती. ही झाली नव्या पुस्तकांची कथा. जुन्यांची गोष्टच सोडा. पुस्तक विकत घेतले म्हणजे खर्च संपत नाही. त्याला छप्पर, थंडावा, कोरडी हवा आणि झाडणारा माणूस लागतो, तोही दरवर्षी. म्हणून आता पुष्कळ ग्रंथालयांनी निराळी रीत काढली आहे. संगणकावर वाचायच्या पुस्तकांची नावे सूचीत आधीच दाखवायची आणि एखाद्या वाचकाने ते खरोखर उघडून वाचायला घेतले, म्हणजे मगच त्याची किंमत द्यायची. मागेल त्याला पुस्तक. यात नासाडी नाही.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. "पण हे बरोबर नाही," एवढेच मी म्हणाले, आणि बाहेर आले.

पायऱ्या उतरताना जे आठवले, ते इथे लिहायलाच हवे. नाहीतर हा लेख खोटा होईल. माझे वडील शाळामास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते गेल्यावर काही वर्षांनी आमचा वाडा पाडायला निघाला आणि आईला घेऊन आम्ही दोन खोल्यांच्या जागेत आलो. अण्णांच्या पुस्तकांची तीन कपाटे होती. एक नवीन जागेत मावत होते. उरलेल्या दोन कपाटांतली पुस्तके आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे मी रद्दीवाल्याला दिले. तो तागडी घेऊन ओसरीवर बसला होता आणि मी एकेक चळत त्याच्यापुढे ठेवत होते. त्या दोन तासांत मी एकही पुस्तक उघडले नाही. अण्णांना समासात पेन्सिलीने लिहायची सवय होती, हे मला ठाऊक होते. उघडले असते तर देता आले नसते, म्हणून उघडले नाही. आई आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही आणि नंतर त्याबद्दल कधी बोललीही नाही.

तेव्हा परक्या देशातल्या त्या बाईंवर रागवायचा मला काय अधिकार? त्यांनी निदान साठ वर्षे सांभाळले. मी साठ महिनेही धीर धरला नव्हता. आणि 1964 सालचे ते दिवाळी अंक अण्णांच्या गठ्ठ्यांत असतीलच.

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रश्न एकट्या ग्रंथालयाचा राहिला नव्हता. जे आज कोणाला नको आहे ते राखण्याचे कर्तव्य कोणावर असते का? असले तर किती?

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आचार्य म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका सूत्रात असा विचार आहे की वाचकाला जसा त्याच्या पुस्तकावर हक्क आहे, तसा पुस्तकालाही त्याच्या वाचकावर आहे. मला वाटले, झाले, आचार्य माझ्या बाजूचे. पण पहिलेच सूत्र पुस्तकाच्या वापरावर भर देते आणि शेवटच्यात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा आहे. जो जीव वाढतो तो टाकतोही. म्हणजे आचार्य बाईंच्याही बाजूचे! थोरांच्या वचनांचे असेच असते. भांडणारे दोघेही त्यांचाच आधार घेऊ शकतात.

मग मला मेंडेल आठवला. वाटाण्याच्या वेलांवर केलेले आपले प्रयोग त्या धर्मगुरूने 1865 साली ब्रनो गावच्या एका छोट्या संस्थेत वाचून दाखवले. दुसऱ्या वर्षी ते संस्थेच्या वार्षिकात छापले गेले आणि ते वार्षिक शंभरावर संस्थांकडे नि ग्रंथालयांकडे पोचले. कोणी मागितले नव्हते. जवळजवळ कोणी दखलही घेतली नाही. 1884 साली मेंडेल वारला. 1900 साली तीन निरनिराळ्या शास्त्रज्ञांना तेच नियम सापडले आणि मागे वळून पाहतात तो, सगळे चौतीस वर्षांपूर्वी छापून ठेवलेले! मागेल त्यालाच पुस्तक, ही रीत त्या काळी असती, तर ते वार्षिक त्या फळ्यांवर कधी आले असते?

सकाळी मी ही गोष्ट बाईंना सांगितली. त्या हसल्या. "एका मेंडेलमागे दहा हजार पुस्तके अशी असतात की त्यांच्यात काहीच नसते," त्या म्हणाल्या. मलाही ते नाकारता येईना. "पण ती दहा हजार कोणती, हे आज तुम्हाला कळते का?" मी विचारले. "नाही," त्या म्हणाल्या, "आणि मराठीतली तर मुळीच नाही. मला मराठी येत नाही." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही बसता का माझ्याबरोबर?"

अशा रीतीने मी तीन आठवडे रोज सकाळी त्या कपाटांपुढे बसले. प्रत्येक पुस्तक उघडून पाहायचे, बाईंना ते काय आहे ते सांगायचे, आणि त्यांनी संगणकावर दुसरीकडे प्रत आहे की नाही ते शोधायचे. यासाठी तिकडे मोठ्या सोयी झाल्या आहेत. 2008 साली अनेक विद्यापीठांनी मिळून आपल्या पुस्तकांच्या पानांच्या प्रतिमांचे एक सामाईक भांडार उभारले. त्याचे नाव 'हाथीट्रस्ट'. हाथी म्हणजे आपलाच हत्ती. तो विसरत नाही, अशी तिकडे समजूत आहे. शिकागो विद्यापीठाने 2011 साली जमिनीखाली पंधरा मीटर खोल असे कोठार बांधले. त्यात 35 लाख ग्रंथ मावतात आणि मागितलेला ग्रंथ यंत्र काही मिनिटांत वर आणून देते. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची 1857 सालची आवृत्ती आज आपण पुण्यात बसून पाहतो, तीही त्याच विद्यापीठाने संगणकावर ठेवलेली. म्हणजे प्रत्येक ग्रंथालयाने प्रत्येक पुस्तक राखावे, असे आता मुळीच नाही. एकाने राखले तरी पुरे. धोका एवढाच की, दुसऱ्याने राखले असेल असे प्रत्येकजण धरून चालतो.

आणि गंमत अशी की, टाकायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मीही टाकले. परीक्षेची मार्गदर्शके, एकाच कादंबरीच्या तीन तीन प्रती, यांच्यापुढे मी 'जाऊ द्यावे' असे लिहिले आणि मला काहीही दुःख झाले नाही. अडले ते एका लहानशा कवितासंग्रहापाशी. कोण्या गृहस्थाने पदरमोड करून छापलेला. कविता अगदी सामान्य. वीस वर्षांत काय, साठ वर्षांतही त्याला कोणी हात लावला नव्हता. बाईंनी पुष्कळ शोधले. दुसरी प्रत कुठेच दिसेना. मी तो दिवसभर बाजूला ठेवला आणि संध्याकाळी 'ठेवावे' असे लिहिले. त्यात मेंडेल असेल म्हणून नव्हे. तो नाहीच, हे मला दिसत होते. मग का? त्या फळीवरची बोटभर जागा एखाद्या चांगल्या नव्या पुस्तकाला मिळाली असती. मी न्याय केला की केवळ दया केली, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मला कळली. टाकणे हा दोष नव्हे. घर काय, ग्रंथालय काय, न टाकता चालत नाही. दोष न पाहता टाकण्यात आहे. पुस्तक मोठे असो वा सामान्य, कोणीतरी ते एकदा उघडावे, पाहावे, आणि मग त्याला ठेवावे किंवा निरोप द्यावा, एवढे त्याचे आपल्यावर देणे लागते. बाई पाहू इच्छीत होत्या. त्यांना फक्त भाषा येत नव्हती. मला भाषा येत होती. मी पाहिले नव्हते. ओसरीवरच्या त्या दोन तासांत मी काय काय घालवले, ते मला कळणार नाही, कारण कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा दाराशी थांबले. नव्या पुस्तकांच्या मांडणीभोवती मुलांची गर्दी होती. चौथ्या मजल्यावरचे प्रत्येक पुस्तक कधीतरी असेच नवे होते. आजच्या या नव्यांतलेही कितीतरी तारीख न पडलेली चिठ्ठी घेऊन वर जाऊन बसतील.

का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. हा अंकही आज तुमच्या घरात नवा आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत तो गठ्ठ्यात जाईल, आणि जाऊ द्यावा. सगळे अंक कोण ठेवणार? पण रद्दीवाला येईल त्या दिवशी, तागडीत टाकण्यापूर्वी, गठ्ठ्याची दोरी सोडून प्रत्येक अंक एकदा उघडून पाहा. अण्णांचे उरलेले एक कपाट माझ्याकडे आहे. या दिवाळीत मी ते उघडायला काढले आहे.