पुढचा पाय थांबतो तेव्हा

बेसबॉलमधला होमरन पाहणाऱ्याची नजर बॅटवर आणि बॅट धरलेल्या हातांवर असते. त्यामुळे चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावणारे हे दंड केवढे दणकट असतील, असं त्याला वाटतं. पण नुसत्या दंडांनी हे गणित सुटत नाही. पिचर जिथून चेंडू टाकतो तिथपासून फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यात जातो. प्रत्यक्ष बॅट फिरवायला सेकंदाचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा उरतो. तेवढ्यात किलोभराला थोडी कमी भरणारी बॅट ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाला न्यायची, हे हातांच्या स्नायूंच्या आवाक्यातलं काम नव्हे. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत. ताकद तिथून यावी लागते.

इथपर्यंत कोणीही मान डोलावेल. अडचण पुढे आहे. ताकद खाली आणि चेंडू वर, मग खालची ताकद वर पोचते कशी? ‘पायांचा जोर लाव’ असं सांगितलं की नवशिका मागचा पाय रेटतो आणि सगळं अंग चेंडूवर झोकून देतो. अंग पुढे जातं, फटका मात्र पोचट निघतो. याचं कारण असं, की रेटणं हे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं काम रोखण्याचं आहे आणि फटक्याची खरी किल्ली त्यातच आहे.

भरधाव एसटीला ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला की गाडी अडते आणि उभ्या प्रवाशांची धडं पुढे फेकली जातात. गाडीनं त्यांना ढकललेलं नसतं, ती फक्त थांबलेली असते. खालचा भाग अडला की वरच्या भागाकडची गती उफाळून दिसते. चांगल्या फटक्यात पुढचा पाय हेच ब्रेकचं काम करतो.

आता हेच सावकाश पाहू. उजव्या हातानं खेळणारा फलंदाज घ्या. त्याचा डावा पाय पिचरच्या बाजूला असतो. पिचरचा हात फिरू लागला की तो वजन उजव्या पायावर घेतो, मग डावा पाय किंचित पुढे टाकतो. चवडा टेकतो, मागोमाग टाच टेकते. गुडघा या वेळी थोडा वाकलेला असतो. पुढच्याच क्षणी तो जमीन दाबत हा गुडघा ताठ करतो. जमिनीचा उलटा दाब डाव्या खुब्याला मागे सारतो, उजवा खुबा पुढे येतो आणि कंबर गर्रकन वळते. खांदे मात्र अजून मागेच असतात. त्यामुळे पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू अधिक जोरानं आखडतो. मग कंबर मंदावते आणि तिची गती खांद्यांना मिळते. खांदे मंदावतात, ती हातांना मिळते, हातांकडून बॅटला. व्यावसायिक फलंदाजांच्या हालचाली मोजणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कंबरेच्या वळण्याचा कमाल वेग सेकंदाला सातशे अंशांच्या वर, खांद्यांचा नऊशेच्या वर आणि हातांचा अकराशेच्या वर भरला. पुढच्या पायावरचा दाब तर शरीराच्या वजनाच्या जवळपास सव्वापट होता. वेग वर वर चढत जातो, कारण खालचा प्रत्येक भाग आपलं काम झालं की मंदावतो.

कोणी म्हणेल, हे धिप्पाड माणसांचे खेळ. पण न्यूयॉर्क जायंट्सचा मेल ऑट पावणेसहा फुटांचा होता. पुढचा पाय उचलून तो फटका मारी आणि त्याच्या नावावर ५११ होमरन आहेत. जपानचा सादाहारू ओ याचं उदाहरण याहून बोलकं. योमिउरी जायंट्सकडून १९६१ च्या मोसमात त्याचे अवघे १३ होमरन झाले. १९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर तोल सांभाळायला लावला. त्या मोसमात होमरन ३८ झाले आणि १९८० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा आकडा ८६८ होता.

मग गुण पाय उंच उचलण्यात आहे का? तसंही नाही. जपानचाच शोहेइ ओतानी २०१८ मध्ये अमेरिकेत खेळायला आला आणि मोसम सुरू होण्याच्या तोंडावर त्यानं पाय उचलणं सोडून दिलं. तेव्हापासून पुढच्या पायाची टाच तेवढी हलते. तरीही २०२४ मध्ये त्यानं ५४ होमरन मारले. पाय किती उचलायचा हा ज्याच्या-त्याच्या तोलाचा आणि वेळ साधण्याचा प्रश्न. तो टेकल्यावर घट्ट उभा राहतो की नाही, याला मात्र पर्याय नाही. १९४१ मध्ये फलंदाजीत .४०६ ची सरासरी गाठणारा अमेरिकेचा टेड विल्यम्सही आधी कंबर, मग हात, हाच क्रम शिकवत असे. पुढचा पाय ढिला असेल तर हा क्रम सुरूच होत नाही.

याची खूण कोणालाही पटवता येईल. बॅट चेंडूला भिडतानाचं एखाद्या नामांकित फलंदाजाचं छायाचित्र पाहा. पुढचा पाय बहुधा ताठ दिसेल आणि मागच्या पायाचा चवडा जमिनीला कसाबसा टेकलेला असेल. म्हणून बेसबॉल शिकवणाऱ्यांनी मुलांच्या हातांत जड बॅट देण्याआधी त्यांना पुढच्या पायावर थांबायला शिकवावं. दंड कमावता येतील सावकाश. थांबणं आधी जमायला हवं.