अधोलोकातील संभाषण

‘आफ्टरपार्टी’ हा व्हिडिओ खेळ २०१९ साली निघाला. मायलो व लोला हे दोघे मित्र मरून नरकात पोहोचतात. सैतानाला मद्यपानात हरवले तरच सुटका! कोणाशी काय बोलावे, हे खेळणाऱ्याने निवडायचे. करजगीसारख्या गावातील मुलांच्या फोनवरही आज नाना खेळ असतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी असला विषय नुसता झिडकारू नये, असे आम्हांस वाटते. अधोलोकातील संभाषण लूकच्या सोळाव्या अध्यायातही आहेच. खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो. तेथे मात्र मध्ये मोठी दरी आहे. श्रीमंत मनुष्य अब्राहामाशी पुष्कळ बोलतो, पाणी मागतो, पाच भावांची काळजी वाहतो. लाजराशी मात्र तेथेही एक शब्द नाही. त्याला पाठवा, एवढेच. दाराशी पडून असणाऱ्या त्या माणसाचे नाव त्याला चांगले ठाऊक होते.