पाळक नसलेल्या मंडळीला आलेलं पत्र

शास्त्रपाठ : १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-२८



आजच्या भागातलं अठरावं वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. कॅलेंडरवर, चहाच्या मगवर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला, सगळीकडे ते दिसतं. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, एवढं आपण लक्षात ठेवतो. पण हे पत्र पहिल्यांदा ज्यांच्या हाती पडलं, त्यांची स्थिती काय होती? त्यांचा शिक्षक त्यांच्यापासून हिरावला गेला होता.

प्रेषितांची कृत्ये १७ काढून बघा. पौल थेस्सलनीकात सभास्थानात तीन शब्बाथ बोलला. मग दंगल झाली, यासोनाच्या घरावर जमाव चालून आला, त्याच्याकडून जामीन घेतला गेला आणि बंधुजनांनी पौल व सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिलं. मागे राहिली कोवळी मंडळी. नुकताच विश्वास ठेवलेली माणसं, ना पाळक, ना नवा करार (तो अजून लिहून व्हायचा होता!). पौलालाही चैन नव्हती. दुसऱ्या अध्यायाच्या १७ व्या वचनात ताटातुटीसाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्यात ‘अनाथ’ हा शब्द दडलेला आहे. अनाथ झाली मंडळी, आणि पौल म्हणतो अनाथ मी झालो.

हे आज लिहायचं कारण आहे. आमची लुथेरन मंडळी लहान. आमच्या पाळकांची बदली होऊन दीड वर्ष झालं, नवे अजून आलेले नाहीत. रविवारी वीस-बावीस माणसं असतात. प्रभुभोजनासाठी बाहेरून पाळक येतात, तेही तीन-चार महिन्यांतून एकदा. एरवी मंडळीतले वडीलच छापील संदेश वाचतात, चष्मा सारखा करत, अडखळत. परवा तरुण संघातल्या एकाने मला विचारलं, “ताई, मोबाईलवर एवढे भारी संदेश मिळतात, मग दीड तास लोकलने येऊन हे का ऐकायचं?”

प्रश्न खरा आहे. त्याला ‘विश्वासात कमी पडतोस’ म्हणून गप्प करणं मला पटत नाही.

मी त्याला १४ वं वचन दाखवलं. जे अव्यवस्थित वागतात त्यांना समज द्या, जे खचलेत त्यांना धीर द्या, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्या. ही पाळकाच्या कामाची यादी वाटते ना? पण पौल ती ‘बंधूंनो’ म्हणून सगळ्या मंडळीला देतो. मोबाईलवरचा प्रवचनकार कितीही थोर असो, या आठवड्यात आमच्यात कोण खचलंय हे त्याला कळायला मार्ग नाही. तिसऱ्या बाकावरच्या मावशी दोन रविवार दिसल्या नाहीत, हे आमच्या अडखळत वाचणाऱ्या वडिलांना कळलं. ते घरी जाऊन आले. आणि २७ वं वचन तर मला फारच आवडतं. हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा, असं पौल शपथ घालून सांगतो. म्हणजे कोणीतरी उभं राहून दुसऱ्याने लिहिलेला संदेश वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. अगदी आमचा रविवार!

आपल्या लुथेरन बांधवांनी हे फार मोठी किंमत मोजून केलेलं आहे. सोव्हिएत रशियात १९३०च्या दशकात लुथेरन पाळक एकामागून एक अटकेत गेले, चर्चेस बंद झाली. मग २८ ऑगस्ट १९४१ चा हुकूम निघाला आणि व्होल्गाकाठच्या जर्मन कुटुंबांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलण्यात आलं. तिथे पाळक कुठून असणार? छावण्यांतून जिवंत सुटलेले हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. उपासना चालवली ती साध्या माणसांनी, आणि पुष्कळ ठिकाणी बायकांनी. कोणाच्या तरी खोलीत जमायचं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हळू गायचं, आठवतील ती गीतं वहीत हाताने उतरवायची. लूथरने १५२९ मध्ये लहान कॅटेकिझम लिहिला तो कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावा म्हणून. सायबेरियात तो खरोखरच आजीच्या तोंडून नातवंडांपर्यंत गेला. अकमोलिन्स्क, म्हणजे आजचं अस्ताना, इथे ओयगेन बाखमान हे पाळक पुढे मंडळी सांभाळू लागले, तेव्हा प्रार्थना करणारी माणसं तिथे आधीपासून होतीच.

त्यांच्या दुःखाशी आमच्या गैरसोयीची बरोबरी नाही, हे सांगायला नकोच. आम्हाला फक्त लोकल पकडायची असते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाळक नाही ‘म्हणून’ देवाचे आभार माना, असं पौल म्हणत नाही. तो म्हणतो सर्व स्थिती‘त’. त्या एका प्रत्ययात मोठा फरक आहे. ३:१० मध्ये तो स्वतः रात्रंदिवस विनंती करतोय की तुमची भेट व्हावी, तुमच्या विश्वासातली उणीव भरून काढता यावी. उणीव होती, ती त्याने झाकली नाही. आपल्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकारातही (१५३०) चौदावं कलम आहेच, की रीतसर पाचारण झाल्यावाचून कोणी जाहीरपणे शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. म्हणून आम्ही पाळकांसाठी अर्ज करत राहणार, आठवण देत राहणार. आभार मानणारा माणूस मागणं सोडतो, असं थोडंच आहे!

तो मुलगा माझं सगळं ऐकून म्हणाला, “बघतो.” पटलं की नाही, माहीत नाही. वडिलांनी त्याला येत्या रविवारचं पहिलं वाचन दिलंय. यिर्मया आहे, नावं अवघड आहेत. तो काल मला उच्चार विचारत होता.

प्रार्थना : हे प्रभू, दीड वर्ष दर रविवारी चर्चचं दार उघडणाऱ्या हातांबद्दल तुझे आभार. आमच्याकडे पाळक पाठव. तोवर खचलेला कोण आहे, हे आम्हाला दिसू दे. आमेन.