नाव देणाराचा अधिकार

यवतमाळ जिल्ह्यात हिवर जागोजाग दिसतो. हिवरी, हिवरा ही तिकडच्या गावांची नावे त्याचीच आठवण देतात, जशी बाभूळगावाचे नाव बाभळीची. तथापि वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या हिवराच्या लॅटिन नावापुढे सुमारे दोनशे वर्षे बर्लिनच्या एका औषधविक्रेत्याचे नाव छापले जात असे. कार्ल लुडविग विल्डेनो (१७६५–१८१२) हा तो गृहस्थ. त्याने हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही. मग आमच्या रानातील झाडाचे नाव ठरविण्याचा अधिकार त्यास कोणी दिला, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आमच्या मते उत्तराचा निम्मा भाग त्याच्या धंद्यातच आहे. हाले येथे वैद्यक शिकून तो वडिलांच्या औषधांच्या दुकानात बसला आणि पुढे १८०१ पासून मरेपर्यंत बर्लिनच्या वनस्पति-उद्यानाचा संचालक राहिला. औषधांच्या दुकानात नाव चुकले तर रोगी प्राणास मुकतो. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला आपला कात युरोपातील अशा दुकानांत दीर्घकाळ 'जपानी माती' म्हणून विकला जात असे! तो मातीही नव्हता आणि जपानचाही नव्हता. असल्या गोंधळात वावरलेल्या मनुष्याने एका वस्तूस सर्वत्र एकच नाव असावे असा आग्रह धरला, तर त्यास अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल. लिनीअसच्या ग्रंथाच्या आपण वाढविलेल्या आवृत्तीत त्याने १८०६ साली खैर व हिवर यांस लाजाळूच्या गणातून काढून अकेशिया गणात बसविले.

उरलेला निम्मा भाग अवघड आहे. झाडाचा गण बदलला तरी ज्याने प्रथम त्यास नाव दिले त्याचा उल्लेख कंसात कायम ठेवावा, असा शास्त्राचा शिरस्ता आहे. म्हणून हिवराच्या नावात विल्डेनोच्या आधी रॉक्सबर्ग कंसात येतो. ऋण मानण्याची ही रीत आम्हांस फार सभ्य वाटते. परंतु तो कंस रॉक्सबर्गपाशीच थांबतो. त्याच्या ग्रंथासाठी ज्या देशी चित्रकारांनी झाडे चितारली, जे कोणी रानात वाट दाखवीत पुढे चालले, त्यांस तेथे जागा नाही. आणि या बाबतीत आपण तरी बर्लिनकरांहून बरे आहो काय? वनौषधींवरील आपल्या पुस्तकांतून 'रानातील लोक हा पाला लावतात' एवढे लिहून लेखक मोकळा होतो. केळापुराकडच्या ज्या कोलामाने तो पाला ओळखून दिला, त्याचे नाव विचारण्याचे त्यास सुचतही नाही.

विल्डेनोने जमविलेल्या वीस हजारांहून अधिक जातींचे वाळलेले नमुने आजही बर्लिनमध्ये आहेत. १९४३ च्या बाँबहल्ल्यात तेथील बहुतेक संग्रह जळाला, हा वाचला. त्याने केलेली नावे मात्र तितकी सुदैवी ठरली नाहीत. २००५ साली व्हिएन्ना येथे आणि पुन्हा २०११ साली मेलबर्न येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदांनी अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे दिले. त्यामुळे खैर सेनेगालिया झाला, हिवर व्हॅचेलिया झाला आणि विल्डेनोचे नाव त्यांच्यापुढून गळाले. रॉक्सबर्ग कंसात आहे तसाच आहे.